लॅकर वार्निश एअरब्रशने मारताय? या चुका टाळा, नागपूरच्या हवेत तर नक्कीच

महिनाभर खपून प्लास्टिकचं स्केल मॉडेल (विमान, कार, रणगाडा) बनवायचं आणि शेवटच्या क्लिअर कोटला, म्हणजे वरच्या पारदर्शक वार्निशच्या थराला, ते पांढरं पडायचं, नाहीतर हात फिरवला की सँडपेपरसारखं खरखरीत लागायचं, मग माणूस सरळ बाटलीला दोष देतो आणि दुसऱ्या कंपनीची मागवतो, तीपण तशीच निघते. माझं सरळ म्हणणं आहे की नागपुरात दहातल्या बहुतेक वेळा बाटली ठीकच असते, थिनर आणि त्या दिवशीची हवा यांचा मेळ बसलेला नसतो.

तरी पहिले बाटलीचंच बघू, कारण तिथेही गोंधळ होतोच. तामिया कंपनीची एक्स-२२ क्लिअर लॅकर (तेज सॉल्व्हंटचं वार्निश) नाही, ती अॅक्रिलिक आहे. लॅकर हवं असेल तर एलपी मालिका बघा, एलपी-९ म्हणजे ग्लॉस, एलपी-२३ मॅट, एलपी-२४ सेमी ग्लॉस. तसंच मिस्टर हॉबी कंपनीचं, मिस्टर कलर म्हणजे लॅकर आणि अॅक्वियस म्हणजे पाण्याच्या जातीचं, बाटल्या दिसायला सारख्याच, म्हणून ऑनलाइन मागवताना फोटो बघून नाही, नाव आणि नंबर वाचून मागवा. ग्लॉससाठी मिस्टर कलरचं जीएक्स १०० सुपर क्लिअर थ्री खूप चांगलं आहे, मॅटसाठी जीएक्स ११४. मॉडेल खिडकीजवळच्या शोकेसमध्ये राहणार असेल तर जीएक्स ११२ घ्या, त्यात यूव्ही कट (उन्हातले अतिनील किरण अडवणारा घटक) आहे, आपल्याकडचं ऊन बघता ते कामाचं आहे.

आता थिनर. इतवारीतल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर स्वस्त पडतो म्हणून वार्निशमध्ये टाकू नका. त्यात काय काय असतं ते डब्यागणिक बदलतं, काही डबे इतके तेज असतात की रंगाखालचं प्लास्टिकच खातात, बारीक तडे जातात, पॅनल लाइन (मॉडेलवरच्या पत्र्यांच्या जोडाच्या कोरलेल्या रेषा) मऊ पडतात. तो एअरब्रश धुवायला ठेवा, त्या कामाला एकदम भारी आहे. वार्निशसाठी मिस्टर कलरचा लेव्हलिंग थिनर घ्या, त्यात रिटार्डर (वाळणं लांबवणारा द्रव) आधीच असतो, म्हणजे थेंब पृष्ठभागावर पडल्यावर पसरायला त्याला वेळ मिळतो. तामियाचा पिवळ्या झाकणाचा लॅकर थिनरही चांगला पण तो लवकर उडतो, आणि उन्हाळ्यात नेमकं तेच नको असतं.

हवेचं नीट समजून घ्या कारण अर्धा खेळ इथेच आहे.

मे महिन्यात, नवतप्यात तर विचारूच नका, पारा ४५ च्या आसपास आणि हवा कोरडी ठणठणीत. अशात वार्निशचे थेंब एअरब्रशमधून निघाले की मॉडेलपर्यंत पोहोचायच्या आधीच अर्धे वाळतात आणि वर भुकटी बसल्यासारखं होतं, याला ड्राय स्प्रे म्हणतात. उपाय म्हणजे सकाळी सहा-सातच्या आत मारा, प्रेशर १५ पीएसआयच्या आसपास आणा, ब्रश आठ-दहा सेंटिमीटरवर घ्या आणि थोडा रिटार्डर टाका. पण मिश्रणाच्या १० टक्क्यांच्या आतच, जास्त झाला तर कोट दिवसेंदिवस मऊ राहतो आणि खालच्या डीकललाही (पाण्यात भिजवून चिकटवायच्या चित्र-चिठ्ठीलाही) खातो.

आणि कूलर! ही चूक नागपुरात खूप होते आणि कोणी सांगत नाही. बाहेर हवा कोरडी आहे म्हणून आपण निश्चिंत असतो, पण खोलीत कूलर सुरू असतो, ताट्या ओल्या, खोलीतली हवा दमट झालेली, आणि त्यातच लॅकर मारतो. सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग एकदम थंड होतो, हवेतली वाफ त्यावर पाणी होऊन बसते आणि कोट दुधाळ होतो. यालाच ब्लशिंग म्हणतात, म्हणून भर मे मध्येसुद्धा ते होतं आणि लोक विचारतात काहून झालं असं. कूलर तासभर आधी बंद करा, खिडक्या उघडा, खोली कोरडी होऊ द्या, मग मारा.

पावसाळ्यात हाच त्रास कूलरशिवाय होतो. साधा डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) टेबलावर ठेवा, आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर असली की ग्लॉस मारू नका, थांबा. घाई असेल तर खोली आधी एसीच्या ड्राय मोडवर कोरडी करा, नंतर एसी बंद, एक्झॉस्ट सुरू, आणि पातळ पातळ कोट. कंप्रेसरचा वॉटर ट्रॅपही (हवेतलं पाणी अडवणारी वाटी) दर वेळी रिकामा करा नाहीतर पाइपातलं पाणी थेंब होऊन सरळ मॉडेलवर येतं. कोट पांढरा पडलाच तर घासू नका. कोरड्या दिवशी त्यावर नुसत्या लेव्हलिंग थिनरची हलकी धूळ मारा, लॅकर परत थोडं विरघळतं, अडकलेला ओलावा निघून जातो आणि बऱ्याचदा क्लिअर परत पारदर्शक होतं. डीकलच्या जागी मात्र हात अगदी हलका ठेवा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दुपारी मला या कामासाठी सगळ्यात आवडतात, जमलं तर क्लिअर कोटची कामं तेव्हासाठी राखून ठेवा.

मिश्रण ग्लॉससाठी एक भाग वार्निश, दीड ते दोन भाग थिनर, प्रेशर १५ ते २० पीएसआय, नोझल ०.३ मिमी असला की पुरे. संत्र्याच्या सालीसारखा पृष्ठभाग येत असेल तर मिश्रण जाड आहे किंवा हात लांब आहे.

लॅकर खालच्या थराला थोडं विरघळवून पकडतं, म्हणूनच ते इतकं घट्ट बसतं आणि वरून इनॅमल वॉश (खाचांत सावली आणायचा पातळ रंग) फिरवला तरी हलत नाही, पण याच गुणामुळे घातही होतो. खाली इनॅमल रंग असेल तर वरून ओलं लॅकर मारलं की तो सुरकुततो. डीकलवर पहिल्याच फटक्यात ओला कोट दिला तर डीकल गोळा होते, मिग-२१ च्या शेपटीवरचा तिरंगा एकदा आकसला की परत सरळ होत नाही. डीकल रात्रभर वाळू द्या, सेटिंग सोल्युशनचे (डीकल बसवायच्या द्रवाचे) डाग ओल्या कापडाने पुसा, मग दोन-तीन अगदी कोरडे हलके कोट, प्रत्येकानंतर दहा-पंधरा मिनिटं थांबा, आणि त्यानंतरच ओला कोट. तामियाच्या टीएस-१३ क्लिअर लॅकरचा स्प्रे कॅन वापरणाऱ्यांनी हे जास्तच पाळा, कॅनमधून माल एकदम भसकन येतो.

मॅटमध्ये चूक वेगळी. मॅट करणारी पावडर बाटलीच्या तळाशी बसते, नुसती हलवून भागत नाही, काडीने तळापासून ढवळा. न ढवळता वरवरचं घेतलं तर चमक जात नाही आणि बाटली संपत आली की उरलेलं इतकं दाट असतं की गडद रंगाच्या कोपऱ्यांत पांढरी धूळ बसल्यासारखं दिसतं. सगळ्याच मॉडेलला मॅट मारायची सवयही सोडा. अजनीच्या रेल्वे शेडमधून धुऊन निघालेलं डब्ल्यूएजी-९ इंजिन सेमी ग्लॉसमध्येच खरं वाटतं, रस्त्यावरची नवी कार ग्लॉसमध्ये, मळलेला रणगाडा मॅटमध्ये.

मास्कबद्दल हात जोडून सांगतो, एन-९५ किंवा कापडी मास्क वाफ अडवत नाही, ऑरगॅनिक व्हेपरचं कार्ट्रिज असलेलाच घ्या. आणि जवळ गॅस, देवघरातला दिवा, उदबत्ती काही पेटतं नको, थिनरची वाफ जमिनीलगत पसरते आणि लगेच पेट घेते. घरात लहान लेकरं असतील तर दार बंद आणि एक्झॉस्ट बाहेर, नंतरही बराच वेळ सुरू ठेवा.

कारला पॉलिश करणार असाल तर वाळल्यावर लगेच सुरू होऊ नका. वरून वाळलेलं लॅकर आतून आठवडाभर, कधी जास्तही मऊ राहतं, आणि अशात २००० नंबरचा सँडपेपर लावला की कोट गोळा होऊन निघतो. मॉडेल नाकाजवळ न्या, थिनरचा वास येत असेल तर परत डब्यात ठेवा, वास पूर्ण गेला की मगच पेपर हातात घ्या.