इमॅक्समध्ये एकात एक कंस: मोजू नका, एडिटरलाच विचारा

धरमपेठेत मी संध्याकाळी इमॅक्स लिस्प, म्हणजे इमॅक्स या टेक्स्ट एडिटरची प्रोग्रॅमिंग भाषा, शिकवते. नवी मुलं कंसांच्या जोड्या शोधायला रेग्युलर एक्सप्रेशन (मजकुरातला नमुना शोधायचं सूत्र) लिहायला घेतात, आणि मी त्यांना तिथेच थांबवते. कंस किती खोल जातील याचा नेम नसतो, आणि तेवढी मोजदाद त्या सूत्राला जमत नाही.

काटोलच्या एका विद्यार्थिनीच्या फाइलमधली ही ओळ घ्या. कळमना ही नागपूरची बाजारपेठ, आंबिया आणि मृग हे संत्र्याचे दोन बहार.

(कळमना (आंबिया "मोठा माल (निवडक") (मृग "लहान माल"))

‘निवडक’च्या आधीचा कंस उघडाच राहिलाय, पण तो अवतरणचिन्हांच्या आत आहे, म्हणजे नुसता मजकूर; तो मोजायचा नाही. कर्सर ‘लहान’च्या आधी ठेवा. सरसकट कंस मोजले तर खोली, म्हणजे आपण किती उघड्या कंसांच्या आत आहोत तो आकडा, ३ येते. खरी आहे २.

ऑल्ट-कोलन दाबा, कंसात सिंटॅक्स-पीपीएसएस लिहा, एंटर करा. खाली एक यादी उमटते. तिची मोजणी शून्यापासून. ० वर खोली: २. १ वर सर्वांत आतल्या उघड्या कंसाची जागा (फाइलच्या सुरुवातीपासून मोजलेली), इथे ‘मृग’च्या आधीचा कंस. ३ वर ३४ दिसेल. तो दुहेरी अवतरणचिन्हाचा क्रमांक, अर्थात आपण स्ट्रिंगच्या, म्हणजे अवतरणातल्या मजकुराच्या, आत आहोत. ४ वर कॉमेंटची (कोडमधल्या टिपेची) खूण, ८ वर त्या स्ट्रिंगची किंवा कॉमेंटची सुरुवात. २ आणि ६ वर विसंबू नका, या फंक्शनमध्ये त्यांना अर्थ नसतो. कोड लिहिताना ३ आणि ४ आधी तपासा, खोली नंतर.

फाइल इमॅक्स-लिस्प-मोडमध्येच हवी; मजकूर कसा वाचायचा हे इमॅक्स मोडवरून ठरवतं. टेक्स्ट-मोडमध्ये अवतरणचिन्ह साधं विरामचिन्ह ठरतं आणि त्याच प्रश्नाला खोली ३ असं उत्तर येतं! जागेचा आकडाही नजरेनं पडताळू नका: ‘कळमना’त आपल्याला चार अक्षरं दिसतात, इमॅक्स पाच मोजतं, कारण काना वेगळा धरला जातो.

आतला अख्खा तुकडा हवा असेल तर १ वरची जागा स्कॅन-लिस्ट्स या फंक्शनला द्या, सोबत १ आणि ०. जोडीच्या बंद कंसाच्या लगेच पुढची जागा मिळते; मधला मजकूर बफर-सबस्ट्रिंग या फंक्शननं उचला. हातानं फिरायला कंट्रोल-ऑल्ट-यू बाहेर नेतं, कंट्रोल-ऑल्ट-डी आत.

जोडीच नसेल तर स्कॅन-एरर ही चूक येते. ती कोडमध्ये कंडिशन-केसनं (चूक पकडायची रचना) पकडा आणि चेक-पेरेन्स ही कंस तपासायची आज्ञा चालवा. कर्सर बिघडलेल्या कंसापाशी जाऊन थांबतो.