आंब्याच्या छाटणीआधी चेनसॉची चेन हाताने तपासा

पाऊस ओसरला. भातकापणी उरकली की कोकणातल्या जुन्या, दाटलेल्या हापूसच्या बागांत पुनरुज्जीवनाची छाटणी सुरू होईल आणि चार महिने पडवीत पडलेली चेनसॉ बाहेर निघेल. पेट्रोल भरलं, दोरी ओढली आणि लावली फांदीला, असं यंदा करू नका. आधी दहा मिनिटं चेनकडे बघा.

मशीन बंद आणि थंड हवं. स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवा, हातात जाड मोजे घाला, चेनचा ब्रेक सोडा. ब्रेक लागलेला असला की चेन हलत नाही आणि ती फार घट्ट आहे असं वाटून माणूस उगाच सैल करतो. आता बारच्या, म्हणजे चेन जिच्या कडेच्या खाचेतून फिरते त्या लांब पट्टीच्या, खालच्या बाजूला बघा. चेन झोळासारखी लोंबत असेल तर सैल आहे. खालून टेकलेली असेल तर वरच्या बाजूला मधोमध धरून उचला. आतले दात खाचेतून पूर्ण बाहेर येता कामा नयेत. मग चेन बारवरून हाताने पुढे ओढा. अडखळत असेल तर ताण जास्त झाला.

ताण द्यायची रीत सोपी आहे, पण त्यातली एक पायरी बहुतेक जण गाळतात. बारचे दोन्ही नट थोडे ढिले करा, काढू नका. बारचं टोक वर उचलून धरा आणि ताणाचा स्क्रू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने हळूहळू फिरवा, खालचा झोळ जाईपर्यंत. टोक तसंच उचललेलं ठेवून नट आवळा. कारण असं की फांदी कापताना बारचं टोक वर ढकललं जातं. नटांपाशी जी थोडी मोकळीक असते ती तेव्हा निघते आणि सकाळी नीट ताणलेली चेन पहिल्याच जाड फांदीत सैल पडते. मोकळीक आधीच काढून घेतली की हा त्रास राहत नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या बागेत नवी चेन चढवली, सकाळी ताण दिला आणि दुपारपर्यंत कुणी बघितलं नाही. फांदीच्या मध्यावर चेन उतरली. नशिबाने कुणाला लागलं नाही. परत बसवली तर ती खाचेतून सरकेचना. आतल्या दातांवरून नख फिरवलं तेव्हा कळलं, स्प्रॉकेटवर, म्हणजे इंजिनकडच्या चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकावर, आपटून बऱ्याच दातांना कंगोरे आले होते. चपट्या कानशीने एकेक दात साफ करण्यात तास गेला.

नवी चेन सुरुवातीला ताणली जातेच. चढवण्याआधी ती रात्रभर चेन ऑइलमध्ये भिजवा, थोडा वेळ रिकामी चालवा, मशीन बंद करून थंड होऊ द्या आणि पुन्हा ताण बघा. पहिली टाकी संपेपर्यंत मधून मधून तपासत राहा. नंतर दर वेळी पेट्रोल भरताना एकदा.

काम करताना चेन तापते, लांबते आणि लोंबते. तेव्हा ती ताणायला हरकत नाही, पण संध्याकाळी मशीन ठेवताना आठवणीने सैल करा. नाहीतर रात्री थंड होऊन आखडलेली चेन बारच्या टोकाला आणि इंजिनच्या क्रँकशाफ्टला (फिरत्या दांड्याला) ओढत राहते. दुरुस्तीचा खर्च चेनच्या कितीतरी पट येतो.

चेन सारखीच तापून सैल होत असेल तर ताणाआधी ऑइल तपासा. आंब्याचा ओला भुसा बारच्या खाचेत आणि ऑइलच्या छिद्रात लगद्यासारखा बसतो आणि वाळला की दगड होतो. बार काढा, पातळ पत्र्याने खाच खरवडा, छिद्र तारेने मोकळं करा आणि बसवताना बार उलटा करा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतील. मग मशीन चालू करून टोक एखाद्या पुठ्ठ्यासमोर, न टेकवता, धरा. ऑइलचे बारीक शिंतोडे उडाले की समजा पुरवठा ठीक आहे. पेट्रोल भराल तेव्हा ऑइलही भरा. ट्रॅक्टरचं काढलेलं जळकं ऑइल मात्र कृपा करून घालू नका. त्यात लोखंडाचा कीस असतो आणि ते चेनला धरूनही राहत नाही.

स्क्रू शेवटपर्यंत फिरवूनही झोळ जात नसेल तर चेनचं आयुष्य संपलं. स्प्रॉकेटही बघा. त्यावर अर्धा मिलिमीटर खोल चर पडले असतील तर तेही बदला, नाहीतर ते नवी चेन लवकर खाईल. दुकानात जाताना जुनी चेन सोबत न्या आणि बारवर छापलेले आकडे लिहून घ्या: पिच (कड्यांमधलं अंतर), गेज (आतल्या दातांची जाडी) आणि आतल्या दातांची संख्या. तिन्ही जुळले तरच चेन घ्या, आणि जमलं तर एक जादा घेऊन ठेवा.