चंद्राच्या फोटोत लेन्सपेक्षा गच्चीचा स्लॅब जास्त आडवा येतो

600 मिमीच्या लेन्सने काढलेला चंद्र धूसर आला की नवा माणूस आधी लेन्सवर संशय घेतो, मग फोकसवर, मग ट्रायपॉडवर. हा सगळा क्रम मी भोगला आहे आणि तो आठवला की आजही जीव तुटतो, कारण यातलं काहीच बिघडलेलं नसतं. बिघडलेली असते ती हवा, आणि तीही आकाशातली नाही, तुमच्या पायाखालच्या गच्चीतून निघालेली.

ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर, मॅन्युअल फोकस हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. एक्स्पोजरही अवघड नाही. पौर्णिमेला एफ/11, आयएसओ 100, 1/100 सेकंद. अष्टमीच्या चंद्रावर ऊन तिरपं पडतं, म्हणून तो बराच मंद असतो. तिथे एफ/8, आयएसओ 400, 1/160 पासून सुरुवात करा. आणि पौर्णिमेचा हट्ट सोडा. त्या रात्री सूर्य आपल्या पाठीशी असतो, विवरांच्या सावल्याच पडत नाहीत. कोपर्निकससारखं 93 किलोमीटर रुंदीचं विवरसुद्धा नुसता पांढरा डाग होऊन बसतं.

आता हवेकडे या. दिवसभर तापलेलं काँक्रीट रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतं. गरम हवा वर चढते, गार हवेत मिसळते, आणि या दोन्हींतून जाताना प्रकाश वेगवेगळा वाकतो. 600 मिमीला सेन्सरवर चंद्र जेमतेम साडेपाच मिलिमीटरचा पडतो. पिक्सेल 4 मायक्रॉनचा असेल तर एका पिक्सेलवर चंद्रावरचे अडीच किलोमीटर बसतात. इतक्या बारीक तपशिलावर हवेची थोडीशी चाळवाचाळवही सगळं पुसून टाकते. शेजारच्या घराचे पत्रे, एसीचं बाहेरचं युनिट हेही तेच करतात. खिडकीतून फोटो काढू नका. घरातली हवा त्याच फटीतून बाहेर पडत असते. एसीच्या खोलीतली लेन्सही लगेच वापरू नका. कोकणात किंवा मुंबईत तिच्यावर दव धरेल, आणि कोरड्या गावातही तिच्या नळीतली हवा स्थिर व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो.

दोष हवेचा की तुमचा, हे ओळखता येतं. लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या पडद्यावरचं थेट चित्र) दहापट मोठा करून चंद्राची कडा पाहा. अख्खा चंद्र एकसाथ थरथरत असेल तर ट्रायपॉड किंवा वारा. कडा उकळत्या आधणासारखी जागोजागी वेगवेगळी हलत असेल तर हवा. नंतर काढलेल्या फ्रेम (फोटो) शेजारीशेजारी ठेवा: सगळ्या सारख्याच धूसर असतील तर फोकस चुकला, कडा एकाच दिशेला दुहेरी असेल तर धक्का, एका फ्रेममध्ये टायको विवर स्वच्छ आणि दुसरीत नेमका तोच भाग फिसकटलेला असेल तर नक्की हवा. हे तपासल्याशिवाय लेन्स विकायला काढू नका, कळकळीने सांगतो.

उपाय दोन. पहिला, गच्ची सोडा. गवताचं मोकळं मैदान कितीतरी बरं. दुसरा उपाय वेळेचा, आणि तो मला कोणीच सांगितला नव्हता. रामनवमीच्या आदल्या संध्याकाळी चंद्र आपल्याकडे जवळजवळ डोक्यावर असतो, म्हणजे वाटेत सगळ्यात कमी हवा. 30 अंशांवर उतरला की हवेची वाट दुप्पट होते. पण चैत्रातली ती वेळ नेमकी स्लॅब सर्वांत तापलेला असण्याची. नवरात्रातल्या अष्टमीला चंद्र दक्षिणेकडे कललेला, 40 ते 50 अंशांपर्यंतच चढतो. याउलट वसुबारसेच्या चार दिवस आधीची, आश्विन कृष्ण अष्टमीची पहाट पाहा: चंद्र पुन्हा डोक्यावर, पावसाने आकाश धुतलेलं आणि स्लॅब रात्रभर गार झालेला. उठायचा कंटाळा करणाऱ्याला हा चंद्र मिळत नाही. कोपर्निकस आणि क्लेव्हियस ही विवरं आणि चंद्रावरची अपेनाइन पर्वतरांग अशा पहाटे सावल्यांसकट उभी राहतात.

टूएक्स टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारी, चित्र दुप्पट मोठं करणारी जोडभिंग) एवढ्यात घेऊ नका. तो दोन स्टॉप प्रकाश खातो, म्हणजे चौथा हिस्साच उरतो, आणि हवेची हालचालही दुप्पट मोठी करून दाखवतो. विकतचे ‘मून प्रीसेट’ (फोटो सुधारण्याच्या तयार सेटिंग्ज) तर माझ्या मते पैशांची नासाडी. त्याऐवजी पुण्यात असाल तर ज्योतिर्विद्या परिसंस्थेत, मुंबईत असाल तर खगोल मंडळात जा; दोन्ही आकाशप्रेमींच्या संस्था. रात्रीचं आकाश वर्षानुवर्षं पाहणारा माणूस शेजारी उभा राहून ‘आज हवा खराब आहे, आवरा’ म्हणतो, ते कुठल्याही महागड्या कार्यशाळेपेक्षा मोलाचं आहे.

हवा कधीच पूर्ण थांबत नाही, म्हणून एका फोटोवर विसंबू नका. 2021 मध्ये पुण्यातल्या सोळा वर्षांच्या मुलाने टेलिस्कोपमधून 50 हजारांच्या आसपास फ्रेम घेऊन त्या एकत्र जोडून चंद्राचा एकच फोटो केला होता. तुम्हाला 150 ते 200 पुरेत. दर वीस-पंचवीस फ्रेमनंतर फोकस पुन्हा तपासा. सगळ्या फ्रेम ऑटोस्टाकर्टमध्ये (फ्रेम एकावर एक रचून जोडणारं सॉफ्टवेअर) टाकून त्यांतला सर्वांत चांगला चौथा हिस्साच ठेवा, मग रेजिस्टॅक्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हलका शार्पनेस द्या. कडेला पांढरी रेघ दिसू लागली की शार्पनेस जास्त झाला. एक पाऊल मागे या. पहिला निकाल फिका वाटला तरी मूळ फ्रेम पुसू नका. महिन्याभराने हात बसल्यावर त्याच फ्रेममधून जास्त तपशील काढता येतो.