किसपेप्टिनवरचं पान सुधारताय? मग या चुका टाळा, उलटवत बसायचा मला कंटाळा आलाय

विकिपीडियावरची जीवशास्त्राची पानं नीट करायचं वेड लागून मला बरीच वर्षं झाली, आणि त्यात सगळ्यात जास्त डोकं कोणी खाल्लं असेल तर किसपेप्टिनने. साधं पेप्टाइड आहे हो, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस असतो, तिथल्या काही चेतापेशी हे बनवतात, ते शेजारच्या जीएनआरएच पेशींना डिवचतं, त्या पेशी जीएनआरएच हे संप्रेरक सोडतात, मग मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीतून एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरकं सुटतात आणि पुढे अंडाशय नाहीतर वृषण कामाला लागतं. वयात येण्याची किल्लीच म्हणा ना. पण नाव असलं आणि विषय असला, त्यामुळे नवीन माणूस आला की पहिला हात याच पानाला लावतो, आणि दर वेळी चुका त्याच.

चॉकलेटचा किस्सा अर्धवट सांगणे

नाव 'किस' आहे म्हणून चुंबनाशी संबंध असणार, हे मी आत्तापर्यंत तीनदा काढून टाकलंय. एकाने तर 'चुंबनावेळी मेंदूत स्रवणारं संप्रेरक' असं पहिल्याच वाक्यात ठोकलं होतं. अरे बाबा, १९९६ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या हर्षी गावात हा जनुक सापडला, आणि हर्षी हे चॉकलेटचं गाव, तिथलं 'किसेस' नावाचं चॉकलेट प्रसिद्ध, म्हणून जनुकाला नाव किस१. बास.

आणि गंमत म्हणजे तेव्हा कोणी प्रजननाचा विचारही करत नव्हतं, मेलॅनोमा म्हणजे त्वचेचा कॅन्सर शरीरभर पसरणं कशाने थांबतं ते शोधत होते. १९९९ मध्ये उंदरात जीपीआर५४ हा ग्राही (पेशीवरचं कुलूप, ठरावीक रसायन चिकटलं की उघडणारं) सापडला तेव्हा त्याला चिकटणारं काय ते माहीत नव्हतं, २००१ मध्ये कळलं की ते किस१ चंच पेप्टाइड, त्याला तेव्हा मेटास्टिन म्हणायचे, आणि २००३ मध्ये फ्रान्स आणि बॉस्टनच्या दोन गटांनी वेगवेगळं दाखवलं की ज्यांच्यात हा ग्राही बिघडलेला असतो ती माणसं वयातच येत नाहीत. म्हणजे सात वर्षं हे कॅन्सरच्या खात्यात होतं. हा क्रम उलटा करून 'प्रजननाचं संप्रेरक, जे कॅन्सरवरही चालतं' असं लिहिलं की सगळी गोष्टच मेली.

याच परिच्छेदात आणखी एक खड्डा आहे, गुणसूत्राचा. प्रयोगात कॅन्सरच्या पेशींत माणसाचं ६ नंबरचं गुणसूत्र घातलं होतं, त्याने पसरणं थांबलं, म्हणून लोक लिहितात की किस१ सहाव्या गुणसूत्रावर. नाही. तो पहिल्या गुणसूत्रावर आहे, सहाव्यावर आहे ते त्याला चालू करणारं काहीतरी. हे वाक्य मूळ लेख दोनदा वाचल्याशिवाय लिहू नये, मी स्वतः दुसऱ्या वाचनात पकडलंय.

यंत्राने भाषांतर करून 'प्रकाशित करा' दाबणे

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, माफ करा. इंग्रजी पान उघडायचं, यंत्रात टाकायचं, आलेलं मराठी न वाचता चिकटवायचं आणि वर अभिमानाने सांगायचं की आज दोन पानं केली. असलं एक वाक्य माझ्या वहीत जपून ठेवलंय, बघा:

'किसपेप्टिन आर्क्युएट केंद्रकात व्यक्त होते आणि बाद उंदीर नापीक असतात. अनाथ ग्राही त्याचा जोडीदार आहे.'

'बाद उंदीर' वाचून मला आधी क्रिकेटच आठवलं, मूळ शब्द 'नॉकआउट', म्हणजे जनुक निकामी केलेला उंदीर. 'नापीक' जमीन असते, उंदीर नसतो. 'अनाथ ग्राही' हा शब्द एक वेळ चालवून घेईन, कारण ज्या ग्राहीला चिकटणारं रसायन माहीत नाही त्याला खरंच तसं म्हणतात, पण २००१ नंतर हा ग्राही अनाथ राहिलेलाच नाही, त्यामुळे तिथेही चूक.

पण खरा घोटाळा 'केंद्रक' या शब्दात आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शाळेत आपण शिकलो केंद्रक म्हणजे पेशीच्या आतलं, ज्यात डीएनए असतो ते. मेंदूत न्यूक्लियस म्हणतात ते वेगळंच, तो चेतापेशींचा पुंजका असतो, हजारो पेशींचा. इंग्रजीत शब्द एकच म्हणून यंत्र दोन्हीकडे 'केंद्रक' टाकतं, आणि नववीतली पोरगी ते वाचून समजते की किसपेप्टिन पेशीच्या केंद्रकात बनतं. मग ती तसंच उत्तर लिहिते. चूक तिची नाही.

मी ते असं केलं: 'हायपोथॅलॅमसच्या तळाशी आर्क्युएट नावाचा चेतापेशींचा पुंजका आहे. त्यातल्या काही पेशी किसपेप्टिन बनवतात. ज्या उंदरांमध्ये या पेप्टाइडच्या ग्राहीचा जनुक निकामी केला, ते वयात येत नाहीत आणि त्यांना पिल्लं होत नाहीत.' वाक्यं तीन झाली, होऊ द्या. जागेचे पैसे पडत नाहीत.

माझी सवय सांगतो, पद्धत वगैरे नाही. इंग्रजी परिच्छेद वाचायचा, टॅब बंद करायचा, चहा करायचा, आणि मग शेजारच्या काकूंना सांगतोय असं धूळपाटीवर (विकिपीडियावरचं कच्चं लिहायचं पान) लिहायचं. जे आठवलं नाही ते आपल्याला कळलेलं नव्हतं. मग परत उघडून आकडे ताडून बघायचे. याने वेळ जातो, हो जातो, पण तुमच्या दोन पानांपेक्षा माझा एक परिच्छेद जास्त दिवस टिकतो.

आणि परिभाषेवरून भांडू नका. कोणी पीयूषिका लिहितं, कोणी पोष ग्रंथी, कोणी सरळ पिट्युटरी. एका पानावर एकच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे बाकीची नावं सांगून मोकळे व्हा. एवढ्यावरून चर्चा पानावर पस्तीस संदेश झालेले मी पाहिलेत आणि त्या काळात पानात एक ओळ वाढली नव्हती.

कोणत्या प्राण्यात, ते न लिहिणे

ही चूक माझीच, त्यामुळे शिव्या मलाच. सुरुवातीच्या काळात मी मोठ्या हौसेने आकृती केली होती, मेंदूचा आडवा छेद, त्यात किसपेप्टिनचे दोन पुंजके: खाली आर्क्युएट, पुढे एव्हीपीव्ही नावाचा, हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागातला. इस्ट्रोजेन खालच्या पुंजक्याला गप्प करतं आणि पुढच्याला उठवतं, म्हणून पाळीच्या मध्यावर एलएचची उसळी येऊन अंडं सुटतं, वगैरे वगैरे. वर शीर्षक 'मानवी मेंदूतील किसपेप्टिन'. चार महिने ती तिथे होती. मग कोणा वैद्यकीय शिक्षकाने चर्चा पानावर एक ओळ लिहिली: 'ही आकृती माणसाची की उंदराची?'

उंदराचीच होती. एव्हीपीव्हीचा तो ठसठशीत पुंजका, मादीत भरपूर आणि नरात अगदी थोडा, हे सगळं उंदीर-घुशींचं चित्र. माणसात आर्क्युएटच्या जागी इन्फंडिब्युलर पुंजका म्हणतात, आणि पुढच्या भागातल्या पेशी विखुरलेल्या असतात, उंदरासारखं नीटनेटकं दोन खोल्यांचं घर नसतं. मी घाम पुसत शीर्षक बदललं.

तेव्हापासून मी कच्च्या मजकुरात प्रत्येक वाक्यापुढे एक अक्षर लिहितो: उं, मा, मे, झे. उंदीर, माणूस, मेंढी, झेब्राफिश. मेंढी का, तर एकाच पेशीत किसपेप्टिन, न्यूरोकायनिन बी आणि डायनॉर्फिन ही तिन्ही पेप्टाइडं असतात हे २००७ मध्ये मेंढीतच दाखवलं, त्या पेशींना आता कँडी पेशी म्हणतात, तिघांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून (हो, परत गोड नाव, या क्षेत्राला मधुमेह होणार). आणि झेब्राफिश यासाठी की लोक बिनधास्त लिहितात 'सर्व पृष्ठवंशीय प्राण्यांत प्रजननासाठी किसपेप्टिन अत्यावश्यक'. झेब्राफिशमध्ये किसपेप्टिनचे दोन जनुक आहेत, दोन्ही निकामी केले तरी ते मासे मजेत अंडी घालतात, २०१५ मध्ये छापून आलंय. कोंबडीत तर हा जनुकच नाही, आणि कोंबड्यांचं अंडी देणं काही अडलेलं नाही. 'सर्व' हा शब्द दिसला की मी आधी कोंबडी आठवतो.

बातमी वाचून 'उपचार' विभाग लिहिणे

आता ज्यामुळे मी हा लेख लिहायला बसलो ते. एका नवीन सदस्याने, पोरगा हुशार होता पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, कुठल्याशा बातमीवरून पानात टाकलं: 'किसपेप्टिनच्या इंजेक्शनने वंध्यत्व बरे होते.' संदर्भ म्हणून बातमीचाच दुवा. मी गावाला गेलो होतो, तीन दिवस ते वाक्य तसंच राहिलं. परत आलो तर चर्चा पानावर एका बाईंचा संदेश, लग्नाला नऊ वर्षं झालीत, हे इंजेक्शन पुण्यात कुठे मिळेल आणि किती रुपयांना, कृपया लवकर कळवा.

मला उत्तर लिहायला तासभर लागला. काय लिहिणार. असं औषध दुकानात मिळत नाही, हे संशोधन आहे, तुमच्या डॉक्टरांशी बोला, आमची चूक झाली. त्यांचं परत काही आलं नाही. पोराला मी रागावलो नाही, तो संदेश फक्त त्याला दाखवला.

त्या बातमीमागे खरं काय होतं? २०१४ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या गटाने आयव्हीएफ (शरीराबाहेर गर्भधारणा) करणाऱ्या ५३ बायकांना अंडी पक्व करायच्या टप्प्यावर किसपेप्टिन-५४ चं एक इंजेक्शन दिलं, नेहमीच्या एचसीजी या संप्रेरकाऐवजी. अंडी पक्व झाली, काहींना मुलंही झाली. आशा आहे ती अशी की अंडाशय प्रमाणाबाहेर चेतवलं जाण्याचा धोका याने कमी व्हावा. म्हणजे आयव्हीएफ आहेच, त्यातली एक सुई बदलून बघितली. याला 'वंध्यत्व बरे होते' म्हणणं म्हणजे रिक्षाचा आरसा बदलला आणि सांगितलं की नवी गाडी घेतली.

याच गटाचं २००९ चं काम कोणी वाचतच नाही. हायपोथॅलॅमसमुळे पाळी थांबलेल्या बायकांना दिवसातून दोनदा, दोन आठवडे किसपेप्टिन दिलं, पहिल्या दिवशी एलएच झकास वाढलं आणि दोन आठवड्यांनी शरीराने दाद द्यायचंच कमी केलं. ही यंत्रणा ठोक्यांवर चालते, ठोका, थांबा, ठोका. सतत दाबून धरलं तर बंद पडते, दारावरची बेल अडकून बसल्यावर घरातले लक्ष देणं सोडतात तसं. त्यामुळे 'जास्त किसपेप्टिन म्हणजे जास्त प्रजननक्षमता' हे सरळ गणित पानात दिसलं की मी न विचारता काढतो.

वैद्यकीय वाक्याला माझा नियम: बातमी चालत नाही, एकटा प्रयोगही चालत नाही, गेल्या काही वर्षांतला आढावा लेख हवा. प्रयोग सांगायचाच असेल तर साल, किती माणसं, कोणती माणसं, हे तिन्ही त्याच वाक्यात. २०१७ मध्ये २९ निरोगी तरुण पुरुषांना किसपेप्टिन देऊन एमआरआय केलेला तो अभ्यास असाच लिहा, 'कामेच्छेचं औषध सापडलं' असं नको.

उरलेलं पटापट

जीपीआर५४ आणि किस१आर एकच आहेत, दोन वेगळे ग्राही म्हणून दोन विभाग करू नका.

५४, १४, १३, १० हे आकडे म्हणजे तुकड्यात किती अमिनो आम्लं ते. आवृत्ती क्रमांक नव्हेत. (विचारलंय मला.)

फेझोलिनेटंट हे २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं औषध रजोनिवृत्तीतल्या अंगाच्या लाहीसाठी आहे, आणि ते न्यूरोकायनिन बी चा ग्राही अडवतं. किसपेप्टिनचं औषध नाही, शेजाऱ्याचं आहे.

'महत्त्वपूर्ण भूमिका बजावते' हे शोधा आणि प्रत्येक ठिकाणी काय करते ते लिहा. नसेल सांगता येत तर वाक्य काढा.

संपादन सारांशात 'सुधारणा' लिहू नका. कसली सुधारणा?

लाल दुव्यांना (ज्याचं पान अजून बनलेलं नाही असे दुवे) घाबरून ते पुसू नका, पुढचा माणूस त्यावरूनच पान बनवतो.

आणि गरोदरपणातला आकडा. गरोदर बाईच्या रक्तात शेवटच्या तिमाहीत किसपेप्टिन साधारण ७००० पट वाढतं, ते वाचून लोकांचे डोळे फिरतात आणि ते वाक्य उचलून मेंदूच्या विभागात नेऊन ठेवतात. ते मेंदूतून येत नाही, वारेतून (प्लॅसेंटातून) येतं. मी त्यासाठी 'वार' असा वेगळा विभाग केला, काल बघितलं तर कोणीतरी ते परत हायपोथॅलॅमसखाली हलवलंय, सारांशात लिहिलंय 'सुधारणा'. आज जेवण झालं की परत हलवतो.