तुटक काळात गाडी शिकताना

मार्च 2020 मध्ये ड्रायव्हिंग स्कूलमधले माझे सहाच दिवस झाले होते आणि टाळेबंदी लागली. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत पुन्हा सुरुवात केली, तर 15 मार्चपासून नागपूर शहर पुन्हा बंद झाले. एप्रिलमध्ये एका रात्री बाबांना दवाखान्यात न्यायचे होते. गाडी दारात उभी होती, पण ती चालवू शकणारे बाबाच अंथरुणावर होते. शेजारच्या काकांनी मास्क लावून आम्हाला नेले. बाबा बरे झाले आणि जुलै 2021 मध्ये तेच माझ्या शेजारच्या आसनावर बसू लागले. ज्यांचे शिकणे असेच मध्ये तुटले आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

सर्वप्रथम शिकाऊ परवान्याची तारीख पाहावी. हा परवाना सहा महिने चालतो आणि तो मिळाल्यापासून 30 दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. त्या जुलैत 1 फेब्रुवारी 2020 नंतर मुदत संपलेली कागदपत्रे केंद्र सरकारने 30 सप्टेंबर 2021 पर्यंत वैध धरली होती, त्यामुळे तेव्हा नव्याने पैसे भरण्याची घाई करावी लागली नाही; ती सवलत आता नाही. ज्यांच्याकडे तो मुळातच नाही, त्यांना जून 2021 पासून महाराष्ट्रात आधारच्या साहाय्याने घरबसल्या परीक्षा देता येते. त्यासाठी वाहतुकीची चिन्हे मनापासून शिकावीत आणि उत्तरे दुसऱ्याकडून भरून घेऊ नयेत, कारण तीच चिन्हे उद्या रस्त्यावर आपल्यालाच वाचायची असतात.

खंड पडल्यानंतर जिथे थांबलो तिथून पुढे जाण्याचा मोह होतो. मी तिसऱ्या गिअरपर्यंत आले होते, म्हणून पहिल्याच दिवशी गाडी रस्त्यावर काढली आणि चौकात ती तीनदा बंद पडली. डोक्याला सगळे आठवत होते, पायाला आठवत नव्हते. म्हणून सपाट, मोकळ्या जागी पहिली पंधरा-वीस मिनिटे केवळ क्लचला द्यावीत: पहिला गिअर टाकून, अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता क्लच इतका सावकाश सोडावा की इंजिनाचा आवाज किंचित जड होतो आणि गाडी हलकीशी थरथरते ती जागा पायाला कळेल, मग तिथेच पाय रोखून पुन्हा क्लच दाबावा. ही जागा प्रत्येक गाडीत वेगळी असते. स्कूलच्या गाडीवर बसलेली सवय घरच्या गाडीला तशीच लागू पडत नाही. हे जमल्यावरच सेमिनरी हिल्सच्या चढावर हँडब्रेक लावून थांबण्याचा आणि मागे न घसरता निघण्याचा सराव करावा, तोही सकाळी फिरणाऱ्यांची वर्दळ ओसरल्यावर.

स्कूलच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही ब्रेक असतो, घरच्या गाडीत नसतो. त्यामुळे शेजारी पक्का परवाना असलेली, न ओरडणारी व्यक्तीच हवी आणि तिचा हात हँडब्रेकपर्यंत सहज पोहोचला पाहिजे. गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल अक्षरातली ‘एल’ पाटी लावावी. करोनासारखी साथ असताना बाहेरचे शिक्षक असतील तर दोघांनीही मास्क लावावा, काचा उघड्या ठेवाव्यात, एसी बंद ठेवावा, आणि स्टिअरिंग, गिअर व हँडब्रेक पुसून सॅनिटायझर पूर्ण वाळल्यावरच गाडी सुरू करावी. चष्मा असणाऱ्यांनी मास्क नाकावर घट्ट बसवावा. वळणावर काच धुरकटली तर समोरचा सायकलवाला दिसत नाही.

रिकाम्या रस्त्यांनी आपल्याला अर्धेच शिकवले, हे मला फार उशिरा कळले. सिव्हिल लाइन्सच्या रुंद रस्त्यावर गाडी सरळ ठेवता येणे वेगळे आणि डावीकडून घुसणाऱ्या दुचाकीचा अंदाज घेणे वेगळे. त्या जुलैत निर्बंधांमुळे दुकाने चार वाजता बंद होत, म्हणून संध्याकाळी रस्ते मोकळे असत. आठवड्यातले बहुतेक दिवस अशा मोकळ्या वेळी सराव करावा, पण हात बसल्यावर एक दिवस मुद्दाम दुकाने उघडी असताना धरमपेठेतून गाडी न्यावी आणि प्रत्येक वळणाआधी तिन्ही आरसे पाहण्याची सवय लावावी. इतवारी-महालच्या गल्ल्या शेवटी ठेवाव्यात. जोराचा पाऊस असेल तर नरेंद्रनगरचा भुयारी मार्ग टाळावा, तिथे पाणी साचते.

पुन्हा बंद लागलाच, तर उभ्या गाडीतही रोज दहा मिनिटे बसावे: आसन व आरसे नीट लावावेत, इंजिन बंद ठेवून क्लच दाबून गिअर न पाहता बदलावेत. आठवड्यातून एकदा उघड्या जागेत गाडी पंधरा-वीस मिनिटे सुरू ठेवली तर बॅटरी उतरत नाही. चाचणीची वेळ मात्र सराव पूर्ण होण्याची वाट न पाहता आताच घ्यावी, कारण शिकाऊ परवान्याचे सहा महिने लवकर सरतात.