स्पीकरची वायर: नुसती पिळून जोडायची, बनाना प्लग लावायचा की थिंबल?

आधी अँप (ॲम्प्लिफायर) बंद करून पिन बोर्डातनं काढा. मग अँपच्या आणि स्पीकरच्या मागं टॉर्च मारून बघा, कारण वायर जोडायचं टर्मिनल कसलं आहे त्यावरच सगळं ठरतंय. दाबायची स्प्रिंगवाली क्लिप असेल तर साध्या बनाना प्लगचा (वायरच्या टोकाला लावायची, टर्मिनलच्या भोकात थेट घुसणारी जाड पिन) विषयच संपला, तो त्यात बसत नाही. फिरवायचा नॉब असेल तर नुसती वायर, थिंबल (वायरच्या टोकावर दाबून बसवायची धातूची पिन), बनाना काहीही चालतं, फक्त बनानासाठी मागचं छोटं प्लास्टिकचं बूच काढावं लागतं.

माझं स्पष्ट मत, एकदा जोडून वर्षभर हात लावायचा नसेल तर नुसती वायर एक नंबर. साधारण १ सेंटिमीटर सोला, तारा तुटू देऊ नका, घट्ट पिळा आणि नॉबच्या भोकातनं घालून आवळा. नॉबखाली प्लास्टिक अडकायला नको आणि बाहेर एकपण तार लोंबायला नको, ती केसाएवढी तार शेजारच्या टर्मिनलला लागली की शॉर्ट, आणि अँपला प्रोटेक्शन नसेल तर आउटपुट जळू शकतं. बरेचजण टोकाला कथील (सोल्डर) लावा म्हणतात, ते नॉबखाली करू नका, कथील मऊ, दाबाखाली हळूहळू पसरतं आणि पकड ढिली पडते. त्यापेक्षा इलेक्ट्रिक पॅनलवाले वापरतात ती पिन थिंबल घ्या, कुपवाड नाहीतर मिरज एमआयडीसीत पॅनलचं काम करणाऱ्या कुणालाही विचारा, वायरच्या मापाची घेऊन क्रिंपिंग टूलनंच दाबायची, पक्कडीनं नाही. स्प्रिंग क्लिपला तर हीच बेस्ट.

बनाना कधी? स्पीकर सारखे हलवत असाल किंवा कपाटामागं हात जात नसेल तेव्हा. आवाज काही सुधारत नाही, सोय होते एवढंच, सोन्याच्या मुलाम्यासाठी जादा पैसे घालवू नका.

ते पैसे तांब्यात घाला. तार ब्लेडनं खरवडून बघा, आत पांढरी निघाली तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे, परत द्या. १० मीटर लांब ठेवलेल्या स्पीकरला १.५ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरचा रोध जाऊन-येऊन ०.२३ ओहम भरतो, ८ ओहमच्या स्पीकरला ती बास झाली, ४ ओहमला २.५ घ्या. दोन्हीकडं वीतभर वायर जादा ठेवा, पावसाळ्यानंतर टोक काळं पडलं की कापून नवीन सोलता येतं, पाटण-महाबळेश्वरकडच्यांनी तर हे कराच.

शेवटी प्लस-मायनस, लाल लालला. वायरवर खूण नसेल तर अँपकडची टोकं मोकळी करून १.५ व्होल्टच्या सेलला क्षणभर लावा, वूफर बाहेर आला तर सेलच्या प्लसला लावलेली तार प्लस. मग तानपुऱ्याचं मोनो (दोन्ही स्पीकरला एकच आवाज देणारं) रेकॉर्डिंग लावून दोन स्पीकरच्या बरोबर मधे बसा, मिरजेच्या आसपासच्यांना तो नाद ओळखायला सांगायला नको. नाद समोर मधोमध आला तर जोडणी बरोबर, इकडंतिकडं पसरला आणि खर्ज पातळ वाटला तर एकाच स्पीकरच्या तारा उलट करा, दोन्हीच्या केल्या तर परत तेच होणार.