टू-डी इकोतला फुफ्फुसाचा दाब: मोजताना आणि वाचताना या चुका टाळा

इकोच्या रिपोर्टात ‘आरव्हीएसपी ४२’ (हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यातला वरचा दाब) किंवा ‘माइल्ड पीएच’ (सौम्य पल्मोनरी हायपरटेन्शन, म्हणजे फुफ्फुसाच्या धमनीतला वाढलेला दाब) असं दिसलं की काही जण ते दंडाच्या बीपीशी ताडून पाहतात. १२०च्या मानानं ४२ कमीच, म्हणून निश्चिंत होतात. पण फुफ्फुसाच्या धमनीत वरचा दाब साधारण १५ ते ३० मिलिमीटर पारा इतकाच असतो. शिवाय इकोचं मशीन दाब मोजत नाही, ते रक्ताचा वेग मोजतं.

हृदयाच्या उजव्या बाजूच्या ट्रायकस्पिड झडपेतून बहुतेकांचं थोडंसं रक्त मागे गळतं. डॉपलरवर, म्हणजे इकोच्या वेग मोजणाऱ्या तंत्रानं, त्या गळतीचा सर्वाधिक वेग पकडायचा, त्याचा वर्ग करून चारनं गुणायचं आणि उजव्या वरच्या कप्प्यातला अंदाजे दाब त्यात मिळवायचा. यॉक आणि पॉप यांनी १९८४ मध्ये मांडलेली ही रीत आजही सगळीकडे चालते.

सगळा घोळ त्या वर्गात आहे. वेग सेकंदाला २.८ मीटर असेल तर ३१ येतात, ३.१ धरला तर ३८. म्हणजे आलेखावर (तो उलटा, खाली उतरणारा असतो) खूण जरा खाली सरकली की निरोगी माणूस ‘माइल्ड पीएच’ होतो. गेन, म्हणजे सिग्नल उजळ करणारं बटण, वाढवलेला असला की आलेखाच्या कडेला धूसर पिसारा फुटतो. खूण त्याच्या टोकाला नको, ठळक कडेवर हवी. उलट बाजूची चूकही तितकीच होते. किरण गळतीच्या धारेला ३० अंशांनी तिरका गेला तर दाब पाव हिश्शानं कमी दिसतो, ४०चे ३० होतात. म्हणून एकाच खिडकीतून (छातीवरच्या एकाच जागेवरून) बघून प्रोब खाली ठेवू नये. एपिकल (हृदयाच्या टोकाकडून), पॅरास्टर्नल (छातीच्या मधल्या हाडाच्या कडेनं), बरगड्यांखालून, सगळीकडून बघावं आणि स्वच्छ आलेखांतला सर्वाधिक वेग घ्यावा. वेगवेगळ्या खिडक्यांची सरासरी काढू नये. सरासरी लागते ती एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे ठोके अनियमित असताना, तीही ठोक्यांची.

धार पुसट असेल तर उरलेला आलेख मनानं पूर्ण करण्याचा मोह होतो. त्यापेक्षा ढवळलेलं सलाईन शिरेतून देऊन धार उजळता येते. तेही शक्य नसेल तर सरळ ‘मोजता आलं नाही’ लिहावं. गळती सापडली नाही म्हणजे दाब नॉर्मल, हा अर्थ मात्र काढू नये. अशा वेळी उजवा खालचा कप्पा डाव्यापेक्षा मोठा झालाय का, मधला पडदा चपटा होऊन डावा कप्पा ‘डी’ अक्षरासारखा दिसतोय का, फुफ्फुसाकडे जाणाऱ्या प्रवाहाचा चढ १०५ मिलिसेकंदांपेक्षा कमी वेळात होतोय का, हे पाहिल्याशिवाय रिपोर्ट पुरा होत नाही.

झडप मिटतच नसेल इतकी गळती मोठी असली, तर हे सूत्र दाब कमी दाखवू शकतं. फुफ्फुसाकडची पल्मोनरी झडप अरुंद असेल तर आकडा उजव्या कप्प्याचा असतो, फुफ्फुसाचा नव्हे.

काही ठिकाणी वरच्या कप्प्याचे म्हणून सरसकट १० मिळवतात. ही जुनी सवय सोडायला हवी. त्याऐवजी आयव्हीसी, म्हणजे शरीराच्या खालच्या भागातून हृदयात येणारी मोठी शीर, पाहावी: २१ मिलिमीटरपर्यंत रुंद आणि नाकानं जोरात श्वास ओढल्यावर निम्म्याहून जास्त मिटत असेल तर ३, त्याहून रुंद आणि नीट मिटत नसेल तर १५, मधल्या स्थितीत ८. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णात हा हिशेब भरवशाचा नाही आणि खेळाडूंची आयव्हीसी निरोगी असूनही रुंद असते.

म्हणूनच दोन रिपोर्ट ताडताना बेरीज नका पाहू, ‘टीआर व्ही मॅक्स’, म्हणजे ट्रायकस्पिड गळतीचा तो सर्वाधिक वेग, पाहा. तो लिहिलेलाच नसेल तर मागून घ्या. २०२२च्या युरोपीय मार्गदर्शिकेतही आधी हा वेगच बघितला जातो: २.८पर्यंत, २.९ ते ३.४ आणि त्यापुढे. सोबत वर सांगितलेली इकोतली इतर चिन्हं धरून पल्मोनरी हायपरटेन्शनची शक्यता ठरते. निदान ठरतं ते उजव्या बाजूचं कॅथेटर घालून, सरासरी दाब २०च्या वर निघाला तर.

सगळ्यात महागात पडणारी चूक इकोनंतर होते: नुसत्या आकड्यावर सिल्डेनाफिल (फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) सुरू करणं. दाब वाढण्याचं सर्वात मोठं कारण डाव्या हृदयाचा आजार हे आहे. आपल्याकडे त्यात संधिवाताच्या तापानं आकसलेली मायट्रल झडपही (डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) येते. तिथे अडथळा झडपेत असतो. फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्या औषधानं सैल केल्या तर जास्त रक्त त्या बंद दारावर येऊन थडकतं आणि फुफ्फुसात पाणी भरू शकतं. म्हणून गोळी लिहिण्याआधी त्याच इकोत डावी बाजू पुन्हा एकदा नीट पाहून घ्या.